कोंडाबाई साळूचा अर्ज

एका जंगलात सगळ्यांनाच हातगाडी हवी होती, आणि रोख देऊन घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती.

कसं होतं बाळांनो, मोह फुलायचा डोंगरावर आणि बाजार भरायचा नदीकाठी. डोक्यावर टोपली घेऊन खाली उतरेपर्यंत निम्मी फुलं सुकून जायची. मग लांडगा पुढे झाला. तो हप्त्यावर गाडी द्यायचा. एक हप्ता चुकला की उतारावर गाठायचा आणि भरलेल्या मालासकट गाडी ओढून न्यायचा.

जनावरं रडत सिंहाकडे गेली. सिंहाने हुकूम काढला. हप्त्यावर गाड्या द्यायच्या तर यापुढे परवाना लागेल. तो देणार घोरपड. आणि कुणाला नाकारायचा तेही लिहून दिलं. अर्जात खोटं लिहील त्याला नाही. पूर्वी कुणाला लुबाडलं असेल त्याला नाही. ज्याच्यापाशी भांडवल नाही त्यालाही नाही.

नियम चांगले होते हो. नावं ठेवायला जागा नव्हती. आणि घोरपड अशी चिकट, की एकदा बसली की जागची हलायची नाही. जंगल म्हणालं, आता लांडग्याची खैर नाही.

सगळ्यात जास्त आनंद झाला कोंडाबाई साळूला. साळू म्हणजे ती, अंगभर काटे असलेली. तिचा नवरा सुतार होता. तो वारला तेव्हा मागे सात नव्याकोऱ्या गाड्या सोडून गेला. पुढचं सगळं आयुष्य त्या सात गाड्यांवर काढायचं होतं. कोंडाबाईने मनाशी ठरवलं, आपण गाड्या हप्त्याने देऊ, पण लांडग्यासारखं वागायचं नाही. हप्ता चुकला तर दोन बाजार थांबायचं. मोह पडायला पंधरा दिवस होते. त्याआधी परवाना हातात हवा.

ती घोरपडीच्या झाडाखाली गेली.

“नाव?”

“कोंडाबाई.”

“कोण तुम्ही?”

“साळू, बाईसाहेब. दिसतेच आहे की.”

“दिसण्याला इथे किंमत नाही. लिहावं लागतं.” घोरपडीने लिहिलं. “भांडवल?”

“सात गाड्या आहेत.”

“तो माल झाला. अनामत काय ठेवता?”

कोंडाबाईजवळ दुसरं होतं काय? काटे. साळूच्या काट्यांना त्या जंगलात चांगला भाव होता. दिवसभर बसून तिने एकेक काटा उपटला आणि जुडी बांधून घोरपडीच्या ढोलीत ठेवली. पाठ उघडी पडली, वारा झोंबायला लागला. कायद्याने वागायचं तर एवढं सोसलं पाहिजे, असं तिला वाटलं.

आठ दिवसांनी निकाल लागला.

“नामंजूर,” घोरपड म्हणाली.

“का हो?”

“अर्जात साळू लिहिलंय. साळूला काटे असतात. तुम्हाला एकही नाही. म्हणजे माहिती खोटी.”

“अहो, काटे तुमच्याच ढोलीत आहेत. तुम्हीच ठेवून घेतलेत.”

“आहेत ना. पण ते एका साळूचे आहेत.”

“मग ते तरी परत द्या.”

“देईन की. त्या साळूला पाठवून द्या.”

कोंडाबाईचं लक्ष बाजूला गेलं. त्याच झाडाच्या सावलीत लांडगा गाड्या मांडून बसला होता.

“आणि ह्याचं काय?”

“त्याच्यावर तर मी टपूनच बसले आहे,” घोरपड म्हणाली. “येऊ दे परवाना मागायला. असा नाकारते की बघत राहाल.”

“तो येईल कशाला मागायला?”

“मग मी तरी नाकारू काय? अर्जच नाही.”

लांडग्याने मान वर केली. “वहिनी, त्यांना नाही म्हणायचा अधिकार दिलाय. मी विचारायलाच जात नाही.”

कोंडाबाईने लांडग्याच्या गाड्या मोजल्या. मग म्हणाली, “बाईसाहेब, मी अर्ज मागे घेतला तर?”

“तर तुम्ही आमच्याकडे कधी आलाच नाहीत.” आणि घोरपडीने तिचं नाव खोडून टाकलं.

मोह पडला. कोंडाबाईच्या सातही गाड्या दोन दिवसांत उठल्या. एक लहानू सशाने नेली. पुढे त्याचं पोर आजारी पडलं आणि हप्ता चुकला. कोंडाबाई एक बाजार थांबली. दुसराही थांबणार होती. पण थांबली काय आणि न थांबली काय, विचारणारं कोण होतं? उघडी पाठ उन्हाने भाजत होती आणि नवे काटे यायला वर्ष होतं. तिने लहानूला उतारावर गाठलं.

“मावशी, फुलं तरी उतरवू द्या.”

“तू उतरवत बसशील तोवर बाजार उठेल,” ती म्हणाली, आणि गाडी वळवून चालू लागली.

लहानू धापा टाकत घोरपडीकडे गेला. घोरपडीने सगळी वही पालथी घातली.

“कोंडाबाई? अशी कुणी आमच्याकडे नाही.”

वर्ष सरलं तेव्हा घोरपडीने सिंहाला अहवाल दिला. एकाही लबाडाला परवाना मिळालेला नाही. एकाही परवानाधारकाविरुद्ध तक्रार नाही. सिंह इतका खूश झाला की त्याने शेजारच्या जंगलातले परवानेही तिच्याकडेच सोपवले.

तात्पर्य: कायद्याचा मान जरूर राखावा, फक्त त्याला आपलं नाव सांगू नये.