डिझेलचं औषध

आमच्या शेजारचे काशीनाथ गायकवाड रोज सकाळी साडेसहाला आपल्या गाडीला औषध पाजत आणि पाजता पाजता तिला शिव्या देत. टाकीचं झाकण उघडायचं, बाटलीच्या बुचानं मोजून दोन बुचं लाल पाणी आत ओतायचं आणि अख्ख्या भिसेगावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "घे. गिळ. नखरं नकोत. काल चढावर काय नाटक केलंस, ठावं हाय मला." आळीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंना वाटलं, कोणीतरी आजारी बायकोला छळतंय. त्या तरातरा भांडायला गेल्या आणि तासभर डिझेलची माहिती ऐकून परत आल्या. त्यानंतर गाडीचा आवाज आला की त्या दार लावून घेत.

गाडी म्हणजे एक सेकंडहँड डिझेल पिकअप. एका सरकारी खात्याची जीप पंचवीस वर्षं चालवून निवृत्त झाल्यावर काशीनाथरावांनी ही पिकअप घेतली होती. सकाळी कडावहून दुधाचे कॅन कर्जत स्टेशनावर आणायचे. मग दिवसभर गवताचे भारे, विटा, कधी लग्नाची भांडी. तिला टेंपो म्हटलेलं त्यांना खपत नसे. कडावच्या एका म्हाताऱ्यानं एकदा "आला रं टेंपो" असं म्हटलं, तर यांनी इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून बसले. म्हातारा तीनदा "पिकअप" म्हणाला, तेव्हा कुठे कॅन गाडीत चढले.

राग त्यांच्या नाकावर नव्हता, सगळ्या अंगभर होता. पण सर्वांत जास्त राग डिझेलवर. "पंपावर देत्यात ते डिझेल नाय, डिझेलचं धुवन हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. पंपावर जाताना ते लोणच्याची रिकामी बरणी नेत. तिच्यात थोडं डिझेल घेऊन, उन्हात धरून, एक डोळा मिटून बघत. मागे गाड्यांची रांग लागे, भोंगे वाजत. हे सावकाश बरणी खाली करत आणि म्हणत, "पाच मिंटं थांबलात तर इंजिन पाच वर्सं जास्त जगंल. पन तुमाला घाई मरायची." पंपावरचा माणूस त्यांची गाडी लांबून दिसली की जेवायला जाई. सकाळी नऊ वाजतासुद्धा.

माझं आणि त्यांचं बिनसलं ते धुरावरून. मी प्राथमिक शाळेत शिक्षक. माझे तीन पांढरे सदरे, आणि ते वाळत घालायची दोरी नेमकी त्यांच्या कुंपणालगत. गाडी सुरू झाली की काळ्या धुराचा लोट थेट सदऱ्यांवर. दोन वर्षं मी गप्प बसलो. मग एके दिवशी शाळा तपासायला साहेब येणार, त्याच सकाळी बाहीवर काजळी. मी तसाच कुंपणाशी गेलो आणि म्हणालो, "गायकवाड, तुमच्या औषधानं गाडी काही बरी होत नाही. आम्ही मात्र आजारी पडतोय."

ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमी फळ्यावर लिवा. इंजिनातलं तुमाला काय कळतंय?"

झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. मीही काही कमी रागीट नाही. दीड वर्षं मी त्यांच्या बाजूची खिडकी उघडली नाही. त्यांच्या पत्नी सरूबाई आधीच वारल्या होत्या, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. खिडकीपलीकडे एकटा माणूस राहतो, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि मनात येणं यात फरक असतो.

औषध आणून द्यायचा तो खालापूरकडचा दत्ताराम. वाळक्या अंगाचा, खाली मान घालून चालणारा. महिन्यातून एका रविवारी कापडी पिशवीत बाटल्या घेऊन यायचा आणि अंगणातल्या बाजेवर बसायचा. काशीनाथराव त्याला डिझेल, नोझल, घाट, जुने साहेब असं सगळं सांगत. तो मान हलवे आणि मधूनच विचारी, "मग वो दादा?" बंद खिडकीतूनही मला ते ऐकू येई आणि चीड येई. म्हणायचो, हा लबाड माणूस गोड बोलून म्हाताऱ्याला लुबाडतोय.

मे महिन्यात व्हायचं ते झालं. कडावहून येताना पिकअप भर रस्त्यात बंद पडली, ती हललीच नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत ऊन तापलं आणि सगळं दूध नासलं. गाडी दोरीनं ओढत मेकॅनिक उस्मानभाईंकडे नेली. त्यांनी फिल्टर उघडून आतली चिकट राड बोटावर घेतली.

"काका, हे काय पाजता तिला?"

"औषध हाय."

उस्मानभाईंनी बाटलीचा वास घेतला, दोन थेंब फडक्यावर टाकले. "रॉकेल आहे. त्यात रंग, आणि एरंडेल. एरंडेल डिझेलात नीट मिसळत नाही, काका. त्यानंच फिल्टर तुंबला. धूर मारते ती डिझेल फवारणारे नोझल झिजलेत म्हणून. त्याला औषध नाही, नोझलच बदलायला पाहिजेत."

फिल्टर बदलून गाडी चालू झाली. दुसऱ्या दिवशी काशीनाथराव कडावात घरोघरी गेले. माफी मागायची त्यांची पद्धत अशी, की ते दारात उभे राहून ओरडत, "चूक माजी हाय. ऐकलं का? तुमची नाय, माजी." लोक घाबरून "बरं, बरं" म्हणत.

रविवारी ते माझ्या दारात आले. "गुरुजी, आपलं बोलनं बंद हाय, ते बंदच ऱ्हाईल. पन आज त्या औषधवाल्याकडं जायाचं हाय. साक्षीदार पायजे. चला."

मी लगेच चपला घातल्या. खरं सांगतो, त्याची फजिती मला बघायची होती. रस्ताभर ते माझ्याशी बोलले नाहीत, समोरच्या काचेशी बोलले. "दार नीट लावा म्हनावं. खिडकीतनं हात भाईर काढू नका म्हनावं."

दत्तारामचं घर खालापूरच्या पुढे एका वाडीत होतं. ओट्यावर त्याची बायको राखेनं बाटल्या घासत होती. पिकअप थांबली तशी ती उठून आत गेली. दत्ताराम बाहेर आला. तो पळेल असं मला वाटलं होतं. तो पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "जयभीम, दादा."

"जयभीम मागनं. बाटलीत काय हाय ते सांग."

"रॉकेल. रंग. थोडं एरंडेल."

"कुनी शिकवलं?"

"कुनी नाय. गिरनीत रंगखात्यात व्हतो. गिरनी बंद पडली. रंगाशिवाय दुसरं काय येत नाय मला, दादा."

मग काशीनाथराव जे सुटले ते पंधरा मिनिटं. नासलेलं दूध, कडावची माणसं, गाडीला बांधलेली दोरी, सगळं निघालं. वाडीतली माणसं जमली. दत्ताराम ऐकत होता. शेवटी यांचा श्वास संपला आणि काय करावं ते न कळल्यासारखे ते तिथेच उभे राहिले. आता हात उचलणार, असं मला वाटलं. पण ते अजूनही रागातच म्हणाले, "फुडच्या महिन्यात येनार का नाय?"

"बाटल्या आता नाय बनवत, दादा. तुमची शपथ."

"बाटल्या कोन मागतंय? तू ये म्हनून सांगतोय."

परतीच्या वाटेवर मीच तोंड उघडलं. "गायकवाड, त्यानं तुम्हाला फसवलं. आणि तुम्ही त्यालाच बोलावता?"

ते या वेळी काचेला नाही, मला म्हणाले, "रॉकेलाचा वास मला कळत नाय व्हय, गुरुजी? दुसऱ्याच महिन्यात कळलं व्हतं. त्यानं काय बिघडंल असं वाटलं नव्हतं. एरंडेलाचं ठावं नव्हतं, ती माजी चूक."

"मग घेत कशाला होता?"

"घेतलं नसतं तर तो कशाला आला असता?"

गाडी चढाला लागली. त्यांनी गिअर बदलला.

"आणि मला साक्षीला कशाला आणलंत?"

"एकट्यानं गेलो असतो तर भांडता आलं नसतं."

भिसेगावात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी उतरून कुंपणाशी पोचलो, तोच ते मागून खेकसले, "च्या घेनार का?"

इतक्या वर्षांच्या शेजारात मी पहिल्यांदा त्यांच्या घरात गेलो. चुलीजवळ एक ताट, एक वाटी, एक कप. चहा लवकर झाला. दुसरा कप मात्र सापडेना. ते मांडणीवरची भांडी खालीवर करत होते आणि एकेकाला शिव्या घालत होते. मी बाहेर अंगणातल्या बाजेवर बसून वाट पाहत राहिलो.