सासुरवाडीच्या परातीत पिसवा

पिसवा घालवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या नवीन जालन्यात कोणी नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. पंच्याऐंशी सालच्या अधिक महिन्यापर्यंत सांगायचो.

झालं असं, आमच्या बादशाला पिसवा झाल्या. बादशा म्हणजे आमचा कुत्रा. खाजवून खाजवून तो शेपटीपाशी टकला झाला आणि माझ्या बायकोच्या, नंदाच्या, पोटऱ्यांवर लाल गांधी उठल्या. "या घरात पिसवा राहतील न्हाई तर मी," म्हणाली आणि परतूरला माहेरी गेली. दीड महिना झाला तरी परत यायचं नाव नाही.

बियाण्यांच्या कंपनीत दिवसभर कारकुनी करून घरी यावं तर घर भकास. तिच्या खोबरेल तेलाची बाटली उघडून मी वास घेत बसायचो. खरं सांगतो, तिचं भांडणसुद्धा आठवायचं.

मग शक्कल लढवली. कुत्राच नाही तर पिसवा जगतील कशावर? बादशाला शहागडला भावाच्या शेतावर सोडून आलो. ढोरांचे डॉक्टर बद्रीनाथ म्हणाले, "मच्छिंद्रराव, चूक करून राह्यले तुम्ही. पिसवा राहतात घरात, कुत्र्यावर नुसत्या जेवायला येतात. आता ताटच उचललं, मंग कुणाला खातील?"

मी हसलो. तिसऱ्या दिवशी ताट कोण ते कळलं.

नेमकं तेव्हाच सासुरवाडीहून धोंड्याचं बोलावणं आलं. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याचे पाय धुवायचे आणि पुरणाचे धोंडे वाढायचे. नंदाला घेऊनच यायचं, असं ठरवून मी आंघोळ केली, खाटेखाली पडलेले पायमोजे झटकून चढवले आणि गाडी पकडली.

परतूरला मला पाटावर बसवलं. पायमोजे काढून पितळी परातीत पाय ठेवले. सासरे पाणी ओतू लागले, सासूबाई गोजरबाई पाय चोळू लागल्या. शेजारच्या चार बायका बघायला आलेल्या. दाराआड नंदा उभी होती. जरा वाळली होती. मी तिच्याकडेच बघत राहिलो, परातीत काय चाललंय याची शुद्ध कोणाला!

"जावईबापू, हे तीळ कसले तरंगून राह्यले?" सासूबाईंनी विचारलं.

तेवढ्यात एक तीळ परातीच्या काठावर चढला आणि उडी मारून थेट त्यांच्या पदरात गेला.

पुढचं विचारू नका. सासऱ्यांच्या हातून तांब्या सुटला, शेजारणी पदर झटकत पळाल्या, मी बसणार होतो ती गादी उन्हात गेली. धोंडे डब्यात भरले गेले.

"नंदे, पिशवी भर," सासूबाई म्हणाल्या. "ह्या नारायणाला घेऊन जल्दी जालन्याला जाय."

"पण माय, पिसवा..."

"म्हणूनच म्हणून राह्यले."

गाडीत नंदा खिडकीकडे तोंड करून बाकाच्या टोकाला बसली. रांजणी स्टेशन गेल्यावर मात्र जवळ सरकली.

"हालू नका," म्हणाली. माझ्या कॉलरखालून एक पिसू तिनं चिमटीत धरली आणि नखावर नख ठेवून चिरडली. दीड महिन्यांनी तिचा हात मानेला लागला होता.

"अजून एक हाय बघ," मी म्हणालो. "कानामागं."

नव्हती. तिलाही ते दिसलंच असणार. तरी जालना येईपर्यंत ती शोधत राहिली.