दुसऱ्या गिअरच्या मोडल्या दात्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी पाठीशीं उभी. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास, घरोघर नवरात्राचे घट बसले होते, ते समयीं जें वर्तलें तें जैसें पाहिलें ऐकिलें तैसें लिहिलें असे. पदरचें तिखटमीठ घातलें नाही. नदीकांठीं एक राज्य होतें, नांव सांगून काय करावयाचें, आणि त्या राज्यांत पिठाच्या गिरणीचे धनी त्र्यंबकराव करमळकर म्हणोन मातबर असामी होते, आणि त्यांचे दारीं एक जुनी जीप होती. जीप म्हणजे काय सांगावी! पलटणीच्या लिलावांतून आणिलेली, चारी चाकें ओढणारी, चिखल जाणेना, चढ जाणेना, आणि तिजवर हक्क दोघांचा, अर्धा त्र्यंबकरावांचा आणि अर्धा त्यांचे बाळमित्र सखोबा लिगाडे यांचा. सखोबा हे शाळेच्या पोरांची गाडी हांकीत. त्र्यंबकरावांनीं यंत्र उघडावें आणि सखोबांनीं चाक धरावें ऐसी वांटणी होती, आणि दर दसऱ्यास दोघे जीप काढून गांवची शीव ओलांडून येत, आणि सारा गांव कौतुकानें पाही.

मग दृष्ट लागली. करमळकरांचे घरीं पुतणीचें लग्न निघालें, आणि वऱ्हाड जीपमध्यें बसून घाट चढूं लागलें, चाक सखोबांचे हातीं, आणि एका वळणावर दुसरा गिअर कडाडून मोडला आणि जीप माणसांसुद्धां मागें घसरली. सखोबांनीं ब्रेकवर उभें राहून, चाक वळवून, जीप डोंगराचे अंगास नेऊन टेकविली, म्हणोन माणसें वांचलीं. पण वांचविलें कोणीं हें कोणीं विचारिलें नाही. मंडपांत पंगत बसली, सखोबा बुंदीची परात घेऊन वाढीत होते, आणि त्र्यंबकरावांचें डोकें फिरलें, आणि भर पंगतींत उभे राहून ते बोलिले, "ह्यानं क्लच न दाबता गिअर ओढला! पोरंबाळं दरीत घालायला निघाला होता. ह्याच्या हाती गाडी दिली, माझंच चुकलं."

"त्र्यंबक, मी क्लच दाबला होता," सखोबा म्हणाले.

"गप बस. तोंड वर करून बोलू नकोस."

सखोबांनीं परात खालीं ठेविली आणि मंडपांतून चालते जाहले. पुढें लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? शाळेनें पोरांची गाडी काढून घेतली, आळींतलीं पोरें 'गिअरमोड्या' म्हणोन हांका मारूं लागलीं, आणि ज्या गृहस्थाचे हातीं आंधळ्यानेंही जीव द्यावा तो लेकाचे दुकानांत पाव-बिस्किटें विकीत बसला. पुन्हा म्हणोन कोणत्या गाडीचें चाक धरिलें नाही. आणि जीप ताडपत्रीखालीं गेली. "ज्यानं मोडली त्यानं येऊन विचारावं, मग उघडीन," ऐसा त्र्यंबकरावांचा हट्ट, आणि हट्टापायीं वर्षेंच्या वर्षें वाहून गेलीं, आणि दोघांचेही केस पांढरे जाहले.

आरंभीं लिहिल्या सालीं मात्र त्र्यंबकरावांस हुक्की आली कीं, जीप दुरुस्त करावी, आणि दसऱ्यास एकट्यानें हांकून सखोबांचे दारावरून न्यावी, म्हणजे त्याची चांगली जिरेल. हेतु हा ऐसा, लपवून काय उपयोग? मग चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलावयाची साखळीची कप्पी, लावून गिअरबॉक्स खालीं उतरविली आणि परसदारीं पडवींत फळकुटावर मांडिली. कुटुंब सुगंधाबाई बोलिल्या, "त्या काळ्या तेलाचा एक थेंब जरी माझ्या फरशीवर पडला ना, तर जेवायला तिथंच वाढीन." मग त्र्यंबकरावांनीं बोल्ट सोडिले, झांकण काढिलें, आणि जुनें तेल परातींत ओतिलें, आणि त्या तेलांतून दुसऱ्या गिअरचा मोडका दाता निघाला. तो पाहोन संतोष वाटला. "बघ, म्हणालो होतो!" ऐसें स्वतःशींच बोलिले. आणि मग परातीच्या तळाशीं बोटांस आणखी कांहीं लागलें.

तें काय होतें तें उलगडून सांगणें जरूर. गिअरच्या पेटीचे पोटांत दातेरी चाकांची एक माळ असते, आणि ती माळ आडवी सरकूं नये म्हणोन दोहों टोंकांस पितळी चकत्या बसवितात, आणि चकतीस बारीकशी जीभ असते, ती पेटीच्या खांचेंत बसली पाहिजे. न बसली, तर चकती गरगर फिरते, झिजून पातळ होते, माळ डुलूं लागते, दाते अर्धेच एकमेकांत अडकतात, आणि एके दिवशीं भार पडतांच दाता मोडतो. मग क्लच दाबा अथवा न दाबा. त्र्यंबकरावांचे बोटांस लागली ती तुटलेली जीभ. चकती तर कागदासारखी झिजली होती. आणि ती चकती पुतणीचे लग्नाचे आदले सालीं त्यांनींच बसविली होती. सखोबा मदतीस बसले असतां, "तू हात लावू नकोस, हे माझं काम आहे," म्हणोन त्यांस उठविलें होतें.

त्र्यंबकराव मटकन खालीं बसले. सुगंधाबाई चहा घेऊन आल्या, "काय झालं? तोंड का उतरलं?" "काही नाही. ऊन लागलं," ऐसें सांगोन जीभ खिशांत टाकिली. मनांत आलें कीं, नवी चकती बसवावी, पेटी मिटावी, कोणास कळणार आहे? आणि तैसेंच करूं लागले. नवीं दातेरी चाकें आणविलीं, बेअरिंग बदलिलीं, त्यांचे बारीक रूळ ग्रीसमध्यें चिकटवून जागच्या जागीं बसविले, आणि या खेपेस चकतीची जीभ खांचेंत बसली कीं नाही तें पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिलें. काम उत्तम जाहलें. परंतु जेवण जाईना, आणि बिस्किटाचा पुडा दिसला तरी मान खालीं जाई. अंगांत चोर शिरला होता.

इतक्यांत खंडेनवमी आली. हा दिवस हत्यारांच्या पूजेचा, आणि पूजिल्या हत्यारास दसऱ्याची आरती होईतों हात लावूं नये हा त्या राज्याचा कायदा. सुगंधाबाईंनीं पाने, पक्कड, हातोडी, चेन ब्लॉकसुद्धां सारें उचलोन पाटावर मांडिलें, हळदकुंकू वाहिलें, झेंडूचीं फुलें घातलीं. त्र्यंबकराव म्हणाले, "अगं, पेटी वर चढवायची राहिली आहे!" "मग चढवा की हातानं. नाहीतर सखोबाभावजींना बोलवा. दोन माणसांचं काम आहे ते, नेहमी दोघंच करत होतात." दोर हें हत्यार नव्हे, ऐसा निवाडाही बाईंनीं दिला, आणि आंत गेल्या.

त्र्यंबकराव पायांत चपला सरकवून निघाले आणि दुकानासमोर जाऊन उभे राहिले. आंत पाऊल टाकवेना. सखोबांनींच विचारिलें, "काय पाहिजे?"

"गिअरबॉक्स बसवायची आहे. एकट्याच्यानं होत नाही."

"क्लच दाबायला नाही ना बोलवत?"

आणि सखोबांनीं शटर अर्धें ओढिलें आणि म्हणाले, "चल. अर्धी माझीच आहे."

मग ऐसें कीं, त्र्यंबकराव जीपखालीं उताणे निजले, पेटी उरावर घेतली, आणि सखोबा वरतीं बसोन, जीपच्या तळाच्या भोंकांतून दोर धरून, पेटी खेंचूं लागले. त्या पेटीचा भार छातीवर आला तेव्हां त्र्यंबकरावांच्यानें राहवेना, आणि ते खालूनच बोलिले, "सख्या, तुझा दोष नव्हता. मी चकती चुकीची बसवली होती. तुटलेली जीभ सापडली, माझ्या खिशात आहे. तू क्लच दाबला होतास."

दोर सुटता तर बरगड्या मोडत्या. परंतु दोर ढिला जाहला नाही. मग वरून सखोबांचा आवाज आला, "आधी हे बसव. शाफ्ट उजवीकडं फिरव. अजून थोडा. आता लोट." आणि शाफ्ट, म्हणजे पेटीचा दांडा, क्लचमध्यें जाऊन बसला, आणि बोल्ट हातानें फिरतील तितके फिरविले.

जीपखालून निघोन हात धुतल्यावर सखोबा म्हणाले, "मला खाली निजून सांगितलंस. पंगतीत उभा राहून बोलला होतास ना? तसाच उभा राहून सांग. नाहीतर आजपासून तुझं माझं काही नाही."

दुसरे दिवशीं आरती जाहली, हत्यारें उचललीं, बोल्ट आवळले, जीप सुरू जाहली. सायंकाळीं देवीचे पटांगणांत आपट्याचें सोनें वांटावयास सारा गांव मिळाला, तेथें त्र्यंबकराव पायरीवर उभे राहिले. म्हणाले, "घाटात गिअर मोडला तो माझ्या हातानं मोडला. सखोबाचा काही दोष नव्हता." गर्दींतून एक वडीलधारे बोलिले, "जाऊ दे रे, सणाच्या दिवशी कशाला? झालं गेलं." तेव्हां सखोबा पुढें जाहले, आणि जन्मांत प्रथमच त्यांचा आवाज चढला, "मला नाही झालं गेलं! सांगू दे त्याला पुरतं."

मग त्र्यंबकरावांनीं पुरतें सांगितलें. चकती सांगितली, जीभ दाखविली, बुंदीची परात सांगितली. "ह्यानं वऱ्हाड वाचवलं, आणि मी ह्याला पंगतीतून उठवलं. पोरांची गाडी माझ्यापायी गेली. नाव माझ्यापायी गेलं." इतकें बोलोन पायरीवरच रडूं लागले. सखोबांनीं आपट्याचें पान त्यांचे हातीं ठेविलें आणि म्हणाले, "उशीर केलास, त्र्यंबक. फार उशीर केलास रे." आणि आपणही रडले.

एणेंप्रमाणें घडलें. जीप शिवेपार गेली, दुसरा गिअर लोण्यासारखा पडला, चाक सखोबांचे हातीं होतें. जीं वर्षें गेलीं तीं कोणासच परत करितां आलीं नाहीत. ज्या पंगतीनें सखोबांस उठून जातां पाहिलें तींतले कित्येक आतां या जगांत नाहीत, आणि ते तैसेच खोटें घेऊन गेले. म्हणोन उरल्यासुरल्यांनीं आणि त्यांचे लेकरांनीं वाचावें यास्तव लिहिलें कीं, सखोबा लिगाडे यांनीं क्लच दाबला होता. इतकेंच लिहावयाचें होतें.