विमानाआडचे बार

नदीत चढणारे मासे मोजणाऱ्यांच्या कचेरीतून निकीफरला फोन आला. नदीवरच्या त्यांच्या तळावर अस्वलांपासून राखण करायची, तर यंदापासून राखणदारानं आधी बंदूक चालवून दाखवायची. पंधरा पावलांवर जेवायची कागदी ताटली, तीन गोळ्या, तिन्ही ताटलीत. नाही जमलं तर दुसरा माणूस. दुसरा माणूस म्हणजे त्याचा मेहुणा मॅक्सिम, हे कोणी सांगायची गरज नव्हती. बर्फ वितळायला लागला की मॅक्सिम दरवर्षी फार प्रेमानं विचारायचा, "दाजी, गुडघे काय म्हणतात?"

निकीफरची पंचाईत अशी, की इतक्या उन्हाळ्यांत त्यानं अस्वलावर एकदाही गोळी झाडलेली नव्हती. अस्वल आलं की तो उभा राहून त्याला आधी घरच्या अलुटीक भाषेत, मग आजीच्या रशियनमध्ये आणि शेवटी इंग्रजीत शिव्या द्यायचा. तिसऱ्या भाषेपर्यंत अस्वल निघून जायचं. त्याला शिव्या कळायच्या की कंटाळा यायचा, देव जाणे. रायफल मात्र कायम खांद्यावर असायची. चापाभोवतीची कडी पुढे ढकलून मागे ओढली की नळीत काडतूस बसणारी, आणि काडतूस केवढं, तर अंगठ्याएवढं. ती घेतली त्या दिवशी त्यानं दोन बार काढले होते. दुसऱ्या बारानंतर पुढचा आठवडाभर तो डाव्या हातानं सूप पीत होता. तेव्हापासून रायफलीला तेलपाणी भरपूर, काडतूस नाही. गावात कोणी विचारलं, तर म्हणायचा, "झटका? कसला झटका? मांजरानं पाठ घासावी तसं वाटतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आता उघडायची वेळ आली होती. आणि तळावरचं काम त्याला सोडवत नव्हतं. गावात त्याच्या सगळ्या गोष्टी सगळ्यांना पाठ. तो तोंड उघडायच्या आत लोक शेवट सांगून मोकळे व्हायचे. तळावर मात्र दर उन्हाळ्यात कॉलेजातली नवी पोरं यायची, शेकोटीपाशी बसून तोंडाचा आ करून ऐकायची. ते कान मॅक्सिमच्या ताब्यात जाणार, ही कल्पनाच त्याला सहन होईना. म्हणून त्यानं सराव करायचं ठरवलं. चोरून.

पण आमच्या मेलनी गावात चोरून काही करणं सोपं नाही. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथीकडे खाडी. एका घरात पातेलं पडलं की दुसऱ्या टोकाचा माणूस विचारतो, काय सांडलं. इथे ती तोफ उडवायची म्हणजे सगळं गाव ताटली बघायला येणार, आणि ताटली तर कोरी असणार. शेवटी निकीफरच्या डोक्यात एक नामी युक्ती आली, निदान त्याला तरी ती नामी वाटली. रोज सकाळी टपालाचं विमान खाडीच्या पाण्यावर उतरतं. परत निघताना पाण्यावरून असं गरजत जातं की माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नाही. त्या गडगडाटात एक बार सहज लपेल. म्हणजे रोज एक. सावकाश का होईना, हात बसेल.

दुसऱ्या दिवसापासून तो मासे खारवायच्या जुन्या शेडमागे जाऊन उभा राहू लागला. कानांत मऊ बोळे, त्यावर कानटोप. गाल दस्त्याला लावला की कानटोप वर सरकायचा, म्हणून त्यावरून बायकोचा, फ्योक्लाचा, लोकरी रुमाल गच्च बांधलेला. खांद्यासाठी पहिल्या दिवशी टॉवेल घेतला, तो पुरला नाही. दुसऱ्या दिवशी उशी घेतली, ती फाटली. तिसऱ्या दिवशी त्यानं बोटीतलं लाइफ जॅकेट अंगात चढवलं. त्यानं धक्का जरा कमी बसला, पण दस्ता छातीपासून इतका लांब गेला की डोळा नेमापर्यंत पोचेना. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. त्यात चाप ओढायच्या आधी निकीफर डोळे मिटायचा, तोंड फिरवायचा आणि झटक्याला जागा म्हणून दस्ता खांद्यापासून चांगला बोटभर लांब धरायचा. मग दस्ता ते बोटभर अंतर धावत येऊन त्याला गुद्दा घालायचा. ताटली होती तशीच राहायची.

एकदा तिकडून येताना वाटेत मॅक्सिम भेटला. त्यानं झाडीतून लाइफ जॅकेट घालून येणाऱ्या दाजींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठे बुडून आलात?" त्यानं विचारलं.

निकीफर म्हणाला, या वयात काळजी घेतलेली बरी. आणि झपाझप घरी गेला.

या सगळ्या बंदोबस्तात एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही. बोळे, कानटोप आणि रुमाल यांच्या आत त्याला विमानही ऐकू येत नव्हतं. तो फांद्यांच्या फटीतून बघायचा, विमान पाण्यावरून उचललं की देवाचं नाव घ्यायचा, धीर गोळा करायचा, आणि मग चाप. धीर गोळा होईपर्यंत विमान खाडीच्या तोंडाशी असलेल्या सुळक्यापलीकडे जायचं, गडगडाट विरून जायचा, आणि त्या शांततेत निकीफरचा बार डोंगराडोंगरांवर आपटत सगळ्या खाडीतून फिरून यायचा. कुठून आला ते कळायला मार्ग नसायचा. बाकी गाव तेव्हा दारं लावून घरात असायचं, कोणाच्या कानावर पडलाच तर तो विमानाचाच समजला जायचा. तेव्हा बाहेर उभी असायची एकटी फ्योक्ला, कारण विमानाचं टपाल उतरवून घ्यायचं आणि चढवायचं काम तिचं होतं.

फ्योक्ला कामाला फार चोख. एका सकाळी विमान उतरलं तशी ती धक्क्याच्या टोकाशी गेली आणि वैमानिक हार्लनला म्हणाली, की विमान वर गेलं की इंजिनात काहीतरी फुटतं. रोज. मला ऐकू येतं. हार्लन घाबरला. त्याच्या कानांवर हेडफोन, त्याला काय कळणार? पण फ्योक्लानं हवेचा अंदाज सांगितला आणि तो चुकला, असं कधी झालेलं नव्हतं. त्यानं विमान धक्क्याला बांधलं, कंपनीला फोन केला आणि इंजिनाचं झाकण उघडलं. त्या दिवशी विमान निघालंच नाही. निकीफर शेडमागे पाय आखडेपर्यंत उभा राहिला आणि एकही बार न काढता परत आला.

घरी हार्लन निकीफरच्या खुर्चीत बसून त्याच्याच कपातून कॉफी पीत होता. निकीफरनं हकिकत ऐकली. तो अडखळत म्हणाला, की कदाचित दुसराच कसला तरी आवाज असेल.

"माझे केस काळे होते तेव्हापासून मी विमानं उतरवून घेतेय," फ्योक्ला म्हणाली. "इंजिनाचा आवाज तू मला शिकवणार?"

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर एका शिवीवर भागलं असतं. पण हार्लननं कप खाली ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही माझा जीव वाचवलात." निकीफरनं बटाटा तोंडात घातला आणि तो बराच वेळ चावत बसला.

पुढे सगळं वाढतच गेलं. हार्लननं इंजिनाचे भाग सुटे करून ताडपत्रीवर मांडले, पुसले, पुन्हा पुसले. विमान नाही म्हणून टपाल नाही, टोमॅटो नाहीत, आणि मग दुकानातली कॉफी संपली. कॉफी संपल्यावर गावाचं डोकं फिरलं, पण राग इंजिनावर. फ्योक्लाचं मात्र जिकडेतिकडे कौतुक. बायका तिच्यासाठी माशाचं सारण भरलेली पिरोक भाजून आणू लागल्या. निकीफरला दोन्ही वेळा तीच खावी लागायची. आपण बायकोची चूक तिला सांगितली नाही, उलट त्याच चुकीवर जेवतोय, असं त्याला वाटायचं, आणि ते अगदी खरं होतं.

शनिवारी बान्या, म्हणजे वाफेनं अंग शेकायची खोली, तापवली. पाहुणा घरात असताना अंग शेकायला जायचं नाही म्हटलं असतं, तर संशय आला असता. निकीफर वाफेत उजवा खांदा भिंतीला चिकटवून बसला. पण मॅक्सिम ओल्या फांद्यांची जुडी घेऊन आला आणि प्रथेप्रमाणे दाजींच्या अंगावर मारू लागला. पहिलाच फटका नेमका खांद्यावर. निकीफर असा ओरडला की बाहेर कुत्री भुंकायला लागली. सगळ्यांनी वाकून पाहिलं. खांदा वांग्यासारखा जांभळा. बोटीत पडलो, निकीफर म्हणाला.

"जॅकेट असून?" मॅक्सिमनं विचारलं.

निकीफरनं तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ इतकी झाली की कोणी कोणाला दिसेना, म्हणून विषय तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून पुन्हा फोन. परीक्षा घेणारा माणूस विमानाअभावी येऊ शकत नाही, पण वैमानिक तिथेच आहे, त्याच्याकडे बंदुकीचा दाखला आहे, त्यानंच बघावं आणि सही करावी. बार काढला नाही तर काम गेलं. काढला तर फ्योक्ला दहा पावलांवर उभी, आणि तिचे ते कान. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

किनाऱ्यावर सगळं गाव जमलं. कॉफी नव्हती, दुसरं करायला काही नव्हतं. हार्लननं ताटली खुंटीला लावली, निकीफरला फक्त बोळे दिले आणि मागे सरला. लाइफ जॅकेट घालायची सोय नव्हती. निकीफरनं रायफल उचलली. पाठीमागे बायको आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. झटक्याची भीती बाळगायला त्याच्याकडे भीती उरलीच नव्हती. पुरात माणूस ओंडका धरतो तसा त्यानं दस्ता दोन्ही हातांनी खांद्यात रुतवला, आणि वेळ पडली तर पळता यावं म्हणून पुढे झुकून उभा राहिला. नेमकं असंच धरायचं असतं, हे त्याला कुठे माहीत? चाप ओढला. गुद्दा आलाच नाही, नुसता एक जोरदार रेटा. समोर ताटलीला भोक.

आणि मग इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच स्वतःचा बार ऐकला. तो खाडीपलीकडे गेला, डोंगरावर आपटला, सुळक्याला वळसा घालून परत आला आणि थेट धक्क्यावर येऊन पडला. निकीफरनं मागे बघायचं धाडस केलं नाही. त्यानं कडी ओढली, दुसरा काढला, तिसरा काढला. तिन्ही ताटलीत.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हार्लनची पेन्सिल कागदावर तशीच अडकली होती. तो ताटलीकडे बघतच नव्हता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "हाच का तो आवाज?"

सगळं गाव फ्योक्लाकडे वळलं. फ्योक्ला नवऱ्याकडे बघत होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग पुन्हा नेहमीसारखा. गावानं भाजलेल्या पिरोका तिला बहुतेक एकेक करून आठवत असाव्यात.

"छे," ती म्हणाली. "तो इंजिनाचा होता. हा बंदुकीचा. एवढा फरक कळत नाही होय मला?"

हार्लननं बराच वेळ मान हलवली. "मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला. "एक प्लग खराब होता. सापडला मला." आदल्या रात्री जेवताना हाच माणूस डोकं धरून बसला होता, की सगळे प्लग नव्यासारखे आहेत आणि इतके दिवस विमान उभं ठेवून आता कंपनीला काय सांगू. त्यानं कागदावर सही केली आणि निकीफरचा हात हातात घेऊन जरा जास्तच जोरात दाबला. मॅक्सिमनं ताटलीची भोकं बोटानं चाचपली. त्याला सगळं समजलं होतं, पण फ्योक्ला त्याची थोरली बहीण होती. त्यानं ताटली खुंटीवरून काढून दाजींच्या हातात दिली.

घरी आल्यावर निकीफर दारातच उभा राहिला. फ्योक्लानं कोटही काढला नाही.

"उद्या विमान निघेल तेव्हा तू माझ्या शेजारी उभा राहायचंस," ती म्हणाली. "दोन्ही हात मला दिसतील असे."

सकाळी सगळं गाव धक्क्यावर कान टवकारून उभं होतं. विमान गरजत गेलं, पाण्यावरून उचललं, सुळक्यापलीकडे दिसेनासं झालं. मग शांतता. कसलाही बार नाही. हार्लनच्या हाताला काय गुण आहे, असं जो तो म्हणू लागला, आणि लोकांनी रिकाम्या आकाशाकडे बघून टाळ्या वाजवल्या. निकीफरचा खांदा चांगलाच ठणकत होता. पण फ्योक्ला बघत होती, म्हणून त्यानं सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या.