कपाटातली पक्कड

एका जंगलात एक खार दूरदेशी शिकून परत आली. तिचं नाव इरावती. मुलांनो, तिला वाटलं होतं, इथे हत्यारांच्या नावाने ठणठणाट असेल. निघालं भलतंच. वडाच्या ढोलीत काचेचं मोठं कपाट होतं. आत टोकदार चिमटे, सोल्डरगन, वायर सोलायची पक्कड, सगळं चकचकीत. आणि प्रत्येकाला हळदकुंकू.

कपाट साळिंदरकाकांच्या ताब्यात होतं. खंडेनवमीला हत्यारं पुजतात आणि त्या दिवशी वापरत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काकांची नवमी वर्षभर चालायची.

इरावतीला पाणवठ्यासाठी घंटा करायची होती. वाटेवरच्या फळीवर बिबट्याचा पाय पडला की ती वाजणार. पारूवहिनी चितळीण रोज संध्याकाळी पाडसाला घेऊन जीव मुठीत धरून पाण्यावर जायची. इरावतीने तिला शब्द दिला होता.

तिने काकांकडे पक्कड मागितली.

"वापरायला?" काका दचकले. "अगं, वापरली की जुनी होते ती."

मग तिने निदान वायर तरी मागितली. जाड, भारदस्त वायर काकांनी लगेच पुढे केली. इरावती तळमळीने समजावू लागली. अशी पुष्कळ तारांची वायर घंटेची जोडणी करायच्या बोर्डाच्या बारीक छिद्रात घालताना पिंजारते. बारीक, एकाच तारेची वायर वळवाल तशी राहते.

"इतकी गुणी आहे होय?" काका म्हणाले, आणि बारीक वायरचं रीळ उचलून त्यांनी कपाटात ठेवलं. हळदकुंकू लावून.

रिळाखाली पडलेले तुकडे तेवढे इरावतीने गालात भरून आणले. दातांनी सोलले. येणाऱ्या विजेला लाल, परतीला काळी. प्रत्येक वायर काटकोनात वळवली, टोकं घट्ट पिळून बसवली. बोर्ड रांगोळीसारखा दिसू लागला.

संध्याकाळी घंटा खणखणीत वाजली. बिबट्या ओशाळून निघून गेला. पाडस पोटभर पाणी प्यायलं. सगळं जंगल बोर्ड बघायला लोटलं.

दुसऱ्या दिवशी काका हार घेऊन आले. अशी देखणी वस्तू चिखलात ठेवणं त्यांच्या जिवाला बरं वाटेना. टाळ्यांच्या गजरात बोर्ड कपाटात गेला. इरावतीला शाल मिळाली.

त्या संध्याकाळी पारूवहिनी अर्ध्या वाटेवरूनच परतली. पाडस तहानेलंच झोपलं.

"बाई गं, घंटा फार छान होती तुझी," ती इरावतीला म्हणाली. "जरा कमी छान नाही का करता येणार?"

इरावतीला रात्रभर हसू येत होतं आणि रागही. सकाळ होताच तिने ठरवलं: नवा बोर्ड करायचा, तितकाच पक्का, पण मिळेल त्या रंगाच्या वायरचा, कावळ्याच्या घरट्यासारखा गुंता करून, वर शेण थापून.

तात्पर्य: मुलांनो, ज्या वस्तूवर आपला जीव अवलंबून आहे, तिचा चुकूनही सन्मान होऊ देऊ नये.