तीसमारखांच्या मागची रांग

बाईसाहेबांचे पाय काही केल्या गाडीत मावेनात. मागची सीट आडवी केली, डोकं पुढच्या दोन सीटांच्या मधोमध गिअरच्या दांड्याजवळ आणून टेकवलं, पोटावर गुडघा देऊन रेटूनही पाहिलं. तरी दोन्ही पावलं, रंगवलेल्या नखांसकट, डिकीच्या बाहेरच.

बाईसाहेब म्हणजे कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभा असणारा बाईचा पुतळा. वीस वर्षं दर आठवड्याला नवा पोशाख अंगावर मिरवला, पण तोंडातून चकार शब्द नाही. म्हणून तिला कपडे चढवणारा सजावटकार तिला मानाने बाईसाहेब म्हणायचा. त्याला स्वतःला मात्र शहरात तीसमारखां म्हणत. पराक्रमासाठी नव्हे. गाडीचा काटा त्याने आयुष्यात तिसाच्या पुढे जाऊ दिला नव्हता, म्हणून.

"त्यांच्या पायांना काहीतरी लाल बांधायला हवं," तो म्हणाला. "गाडीबाहेर सामान डोकावत असलं की लाल खूण लावायची असते. मागच्याला कळलं पाहिजे."

"मागचा आंधळा आहे का?" त्याची बायको म्हणाली. कपडे चढवताना दुसरे दोन हात लागतात, म्हणून ती बरोबर निघाली होती.

"पाऊस आहे. पावसात सगळेच आंधळे."

लाल फडकं मिळेना. जुनं दुकान रिकामं करून सगळा माल नदीपलीकडच्या नव्या दुकानात गेला होता. उरली होती ती काचेतल्या सजावटीची, लाल गुलाबांची प्लॅस्टिकची माळ. ती त्याने दोन्ही पावलांभोवती गुंडाळली. हात सजावटकाराचा, त्यामुळे नुसती गुंडाळून भागेना. फुलं सारखी केली, पाकळ्या उलगडल्या. अंगावर पाणी उडू नये म्हणून बाईसाहेबांना पांढरी चादर पांघरली आणि डिकीचं दार सुतळीने बांधून टाकलं.

चार वाजून गेले होते. पाचला नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. मालकीणबाईंनी सकाळीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "पाच वाजता काचेत बाई उभी दिसली नाही, तर उद्यापासून तुम्ही घरी. माझा जावई म्हणतो, हल्ली पुतळे लागतच नाहीत, नुसता पडदा लावून चित्रं हलवली की झालं."

सत्तावीस वर्षांची नोकरी. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"आज तरी चाळीसने हाणा," बायको म्हणाली.

"रस्ता ओला असला की ब्रेक दाबल्यावर गाडी दुप्पट लांब जाऊन थांबते."

"आणि नोकरी गेल्यावर माणूस किती लांब जाऊन थांबतो?"

त्याने दिवे लावले, पावसाचं धुकट दिसत होतं म्हणून चारी बाजूंचे पिवळे दिवे मिचकावत ठेवले, आणि गाडी तिसाने निघाली.

पहिली दहा मिनिटं सगळं रोजच्यासारखं होतं. मागून हॉर्न, डावीकडून हॉर्न, उजवीकडून हॉर्नसोबत दोन शब्द. एका टेम्पोवाल्याने शेजारून जाताना विचारलं, "काका, बैल दमलेत का?" एका बाईंनी काच खाली करून केवळ डोळ्यांनी त्याचा उद्धार केला. या शहरात श्वास थांबला तरी चालेल, हॉर्न थांबता कामा नये. तीसमारखां शांत होता. रस्त्याकडेने चालणाऱ्यांवर पाणी उडू नये म्हणून डबकं दिसलं की तो आणखी हळू व्हायचा, आणि मागचे आणखी पेटायचे.

मग छोटा पूल आला. समोरून एक ट्रक भरधाव आला आणि जाता जाता त्याने रस्त्यावरचं सगळं पाणी उचलून यांच्या काचेवर फेकलं. जग पांढरं झालं. वायपर पाण्याखाली गुदमरले. चाकाखाली धाडकन काहीतरी बसलं, गाडी उसळली, बायकोच्या तोंडून "अगं आई" निघालं, आणि मग सगळं शांत.

काच निवळली तेव्हा ते पुलाच्या पलीकडे होते. गाडी चालू होती. काटा तिसावर होता. त्याने ब्रेक हलके हलके दाबून वाळवून घेतले.

"बाईसाहेब कुठे गेल्या?" बायकोने विचारलं.

दोघांच्या मधे आतापर्यंत जे डोकं छताकडे बघत पडलं होतं, ते तिथे नव्हतं.

"मागे सरकल्या असतील."

त्याने आरशात पाहिलं. आरशात पांढरी चादर होती आणि चादरीपलीकडे पाऊस होता. त्याहून जास्त काही दिसेना.

पुढचा चौक ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. काय ते कळायला थोडा वेळ लागला. पावसाचा आवाज येत होता. वायपरचा येत होता. घड्याळाची टिकटिक येत होती. सत्तावीस वर्षांत त्याने या शहरात गाडी चालवताना कधी घड्याळ ऐकलं नव्हतं.

"हॉर्न वाजत नाहीये," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"कुणाचाच."

बायकोने बाजूच्या आरशात पाहिलं. मागे गाड्या होत्या. पुष्कळ होत्या. सगळ्यांचे दिवे लागलेले, सगळ्या एकामागून एक, मधे नीट अंतर राखून. एकही पुढे येत नव्हती. शेजारची मार्गिका मोकळी पडली होती, तरी कुणी तिच्यात शिरत नव्हतं.

"कमी करून बघा."

त्याने वीस केले. सगळी रांग विसावर आली. त्याने पुन्हा तीस केले. रांगही तिसावर. दिव्यांचे ते दोन-दोन डोळे पावसात मुकाट त्यांच्यामागे येत राहिले.

एक मोटारसायकलवाला मागून शेजारी आला. तीसमारखांने मनाची तयारी केली, आता बैलांची चौकशी होणार. मोटारसायकलवाल्याने मागे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. तीसमारखांने काच उतरवली.

"काय झालं हो?"

"धीर धरा काका," तो हळूच म्हणाला, आणि मागे जाऊन रांगेत लागला.

"कशाचा धीर?" बायको म्हणाली.

मोठ्या चौकात वाहतूक पोलीस उभा होता. तो तीसमारखांचा जुना वैरी. रोज शिट्टी फुंकून गाल दुखवून घ्यायचा, "ए कासवा, हल." आज त्याने दुरूनच गाडी पाहिली, हात वर केला आणि चारही बाजूंची वाहतूक थांबवली. फक्त यांना वाट करून दिली. गाडी शेजारून जाताना त्याने डोक्यावरची टोपी काढली. पाऊस त्याच्या टकलावरून ओघळत होता आणि तो तसाच ताठ उभा होता. थांबलेल्या बसच्या धुरकट काचांमागून तीस-चाळीस चेहरे यांच्याकडे बघत होते. कुणी बोलत नव्हतं. एका बाईने आपल्या मुलीचे डोळे हाताने झाकले.

तीसमारखांने बाजूच्या आरशात ती रांग पाहिली.

"अगं," तो म्हणाला, "तो ट्रक आपल्याला लागला तर नाही ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे... आपण गेलो तर नाही?"

बायकोने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याचा चेहरा ओल्या भिंतीसारखा झाला होता.

"काहीतरीच काय. मी मेले असते तर माझी कंबर दुखली असती का?"

"मेल्यावर दुखत नाही असं कुणी परत येऊन सांगितलंय?"

तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो कळवळला. तरीही दोघांचं समाधान होईना.

"तूच विचार कर. या शहरात जिवंत माणसाला कुणी वाट देतं?"

तिने विचार केला. पुढचे दोन चौक तिने फक्त विचार केला. दोन्ही चौकांत गाड्या आपण होऊन थांबल्या. एका ट्रकने, एवढ्या मोठ्या ट्रकने, यांच्यासाठी मागे सरकून जागा केली.

"गेलोच आहोत मग," ती बारीक आवाजात म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "बत्तीस वर्षं संसार केला. वाटलं होतं, वर जाताना तरी वेगळी गाडी मिळेल."

"मला तरी कुठे माहीत होतं, वर जायलाही मलाच चालवावं लागेल?"

"आणि इथेही तिसानेच."

खात्री करून घ्यावी म्हणून तीसमारखांने एक गोष्ट केली, जी त्याने वर्षानुवर्षं केली नव्हती. हॉर्न दाबला. हॉर्नमध्ये पुलावरचं पाणी शिरलेलं. त्यातून हॉर्न निघालाच नाही. एक लांबलचक, ओला, चिरका हुंदका निघाला आणि रांगेवरून विरत गेला. मागे कुठेतरी एका गाडीत कुणीतरी मोठ्याने रडायला लागलं. त्याने पुन्हा हॉर्नला हात लावला नाही.

नदीवरच्या मोठ्या पुलापाशी एक टॅक्सीवाला शेजारी आला. काच खाली करून त्याने दबक्या आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"आत्ताच," तीसमारखां म्हणाला. "त्या छोट्या पुलापाशी."

"अरेरे. आणि तुम्हीच घेऊन निघालात?"

"दुसरं कोण चालवणार?"

"आता पुढे कुठे?"

"ते आम्हाला तरी कुठे कळलंय," बायको म्हणाली आणि तिने पदराने डोळे टिपले. टॅक्सीवाल्याने मागे वळून गिऱ्हाइकाला काहीतरी सांगितलं, आणि गिऱ्हाइकासकट तो रांगेत लागला.

"सरळच जाऊ," तीसमारखां म्हणाला. "निघालो होतोच, तर दुकानाकडे वळतो. नेणारा नेईल तिकडे नंतर."

"मेल्यावरही तुम्हाला मालकीणबाईंचीच भीती."

"मेल्यावर नोकरी गेली तर चालेल गं. पण समज, नसलो मेलो तर?"

एकही चौक न अडकता, एकदाही न थांबता, तिसाच्या काट्याने गाडी नव्या दुकानासमोर उभी राहिली तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी होती. माल हलवताना याच रस्त्याला त्याला दर खेपेला तास-सव्वा तास लागला होता.

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मागे दुकान दिव्यांनी झगमगत होतं आणि आत माणूस नावाला नव्हतं. एवढ्या पावसात उद्घाटनाला येतो कोण? त्या सजावटकारावर तोंड टाकणार, तोच त्यांना त्याच्यामागची रांग दिसली. एकेक गाडी येत होती, रस्ता अडणार नाही अशी कडेला नीट लागत होती. दारं उघडत होती, छत्र्या उघडत होत्या. काळ्या छत्र्यांची ती गर्दी एक अक्षर न बोलता दुकानाकडे यायला लागली.

सगळ्यांत पुढे मोटारसायकलवाला. "काका, तुम्ही बाजूला व्हा. आम्ही घेतो."

तेव्हा तीसमारखां गाडीतून उतरला आणि मागे आला. सुतळी तुटून डिकीचं दार वर गेलं होतं. पांढरी चादर भिजून अंगाला चिकटली होती, आणि चादरीतून गुडघ्यापर्यंतचे दोन गोरे, निश्चल पाय बाहेर आले होते. पावलांवर लाल फुलं. अगदी मन लावून सजवलेली. त्याला सगळं एका क्षणात कळलं. तो सांगायला पुढे झाला, पण मोटारसायकलवाल्याने त्याला हळूच बाजूला केलं.

चौघांनी बाईसाहेबांना खांद्यावर घेतलं.

"किती हलकी झाली होती बिचारी," टॅक्सीवाला म्हणाला.

"झिजली असणार आजारपणात," कुणीतरी म्हणालं.

"मी ओळखत होते," छत्रीखालच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही हो कुणाविरुद्ध."

हे मात्र खरं होतं.

एवढ्यात मोटारसायकलवाल्याचा पाय घसरला. तो सावरला, पण बाईसाहेबांचा डावा पाय निखळून त्याच्या हातात आला. फुलांसकट. चादर सरकली आणि रंगवलेले डोळे पावसात छत्र्यांकडे बघू लागले. तो पाय हातात धरून उभा. सगळे उभे. पाऊस तेवढा पडत होता.

"मग गेलं कोण?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

"आम्हीच गेलो होतो," सजावटकाराची बायको म्हणाली. "आत्ता परत आलो."

कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. पन्नास माणसं, कामधंदे सोडून, एका पुतळ्याच्या मागे शहर ओलांडून आली होती. कुणालाच दुसऱ्याच्या डोळ्यांत बघवेना. मालकीणबाईंनी तेवढ्यात दार सताड उघडलं. "आत या, आत या, भिजू नका. सगळे आलात, किती बरं वाटलं." लोकांना तेवढंच हवं होतं. आपण यासाठीच आलो होतो अशा चेहऱ्याने ते आत शिरले. टॅक्सीवाल्याने शर्ट घेतला, गिऱ्हाइकाने मोजे घेतले. मोटारसायकलवाल्याने पाय गल्ल्यावर नेऊन दिला आणि कसलाही भाव न विचारता एक रेनकोट घेतला. म्हाताऱ्या बाईंनी शाल घेतली. त्या अजून डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, आता आलंच आहे रडू, तर अर्धवट कशाला सोडा.

पाच वाजता काचेत बाईसाहेब उभ्या होत्या, पाय चिकटपट्टीने जोडलेला, अंगावर निळा पोशाख. बायकोने वेणी सारखी केली. सहा वाजता दुकानातला अर्धा माल उठला होता. मालकीणबाई सजावटकाराच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. जावयाचं नाव त्यांनी काढलं नाही.

"पुढच्या शुक्रवारी स्टेशनापाशी दुसरी शाखा उघडतेय," त्या म्हणाल्या. "बाईंना असंच आडवं घालून, फुलं बांधून आणा. आणि येताना अजिबात घाई करू नका. वीसने आलात तरी चालेल."

तीसमारखांने बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही या," ती कंबरेवर हात ठेवत म्हणाली. "मी बसने येईन. एकदा मेले तेवढं पुरे झालं."