जाळं उजवीकडे, जावई डावीकडे

प्रथमेशच्या सासूबाईंना जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून सासऱ्यांचं, रावजींचं, पागायचं म्हणजे फेकून मासे धरायचं जाळं ओटीवरच्या खुंटीला टांगलेलं होतं आणि त्याखाली रावजी बसलेले असत. दोघंही हलत नसत.

"एकदा बाबांनी जाळं हातात घेतलं की झालं," शमिका नवऱ्याला म्हणाली. "पण माझं ऐकतच नाहीत."

प्रथमेश खेडच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. खाडीत जाळं फेकणारे लोक त्याने व्हिडिओत पाहिले होते आणि पाहता पाहता कागदावर बाणही काढले होते.

"मीच फेकतो," तो म्हणाला. "कंबरेतून गिरकी घेतली की कडेच्या शिशाच्या गोळ्या बाहेर पळतात आणि जाळं गोल उघडतं. मासे बघितले की बाबांनाही हुरूप येईल."

"मग त्या उतरत्या कातळावर उभा राहा," शमिका म्हणाली. " तिथून पाणी जवळ आहे."

जाळं खुंटीवरून निघालं तसे रावजी खाकरले. "जावयबापू, एक कड दातात धरायची असते, म्हायती हाय ना?"

"हो, बाबा."

"बरा." आणि ते दोघांच्या मागोमाग निघाले. आपण नुसते बघायला आलोय, असं त्यांनी काठावर होडी रंगवणाऱ्या धोंडूला न विचारताच सांगितलं.

प्रथमेशने दोरी मनगटाला बांधली, कड दातात धरली आणि कागदावरच्या बाणाप्रमाणे जोरात उजवीकडे गिरकी घेतली. पायाखालचं शेवाळ मात्र कागदावर नव्हतं. जाळं उजवीकडे निघालं, पाय डावीकडे. कड सोडायला तोंड उघडायचं असतं. ते उघडायला तो विसरला, आणि पंधरा वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं. जाळं सुंदर गोल उघडलं, त्याच्याच डोक्यावर.

"रावजी," धोंडू म्हणाला, "केवढा मोठा लागला बघा."

"खवलं नाय दिसत त्याला." रावजी लेंगा वर करून गुडघाभर पाण्यात शिरले. त्यांनी आधी जाळं सोडवलं, मग जावई. "गिरकी झकास होती हो. पाय तेवढे रोवलेले नव्हते. असे रोवायचे."

दाखवता दाखवता त्यांनी फेकलं. ताटासारखं गोल जाळं पाण्यावर पडलं आणि तीन बोइटं घेऊन वर आलं.

रावजी माशांकडे बघत राहिले. "साफ कोन करनार?"

"मी करते, बाबा."

"तुला नाय जमायचा. तुझी आयस कशी करायची..." ते थांबले. "चल, दाखवतो."

जाळं खांद्यावर टाकून ते पुढे चालू लागले. मागून शमिकाबरोबर प्रथमेश निथळत येत होता.

"तिथे एवढं शेवाळ असतं, हे तुला माहीत नव्हतं ना?"

"लहानपणी बाबा मला तिथे उभंच राहू देत नसत."

"मग मला का..."

"घर्षण तर तुझा विषय," शमिका म्हणाली.

प्रथमेशने तोंड उघडलं. पण आता उघडून उपयोग नव्हता.